वाळू काढायची नाही

माझी धाकटी जाऊ मत्स्यालयात समुद्री माशांच्या टाक्या सांभाळायची. घरात तिला सगळे फौजदार म्हणत, आणि तेही तोंडावर. माझे दीर पाणबुडे होते, टाक्यांतले बरेचसे मासे तेच धरून आणत. लग्नानंतर त्यांनी तिलाही डोळ्यांना काच लावून प्रवाळात उतरवलं. तिथे तिने पहिल्यांदा रॅस जातीचे मासे पाहिले. हिरवे, केशरी, पाय नसूनही पायाला भिंगरी लागलेले. ऊन कलू लागलं की एकेक जण वाळूत डोकं खुपसून आत शिरे आणि दिसेनासा होई.

"दिवेलागणीच्या आत घरी! अगदी तुमच्या कॉन्व्हेंटातल्या पोरींसारखे, जाऊबाई," असं ती मला चिडवायची; मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात राहून शिकलेली.

टाकीतले रॅसही तसेच वागत. सगळे दिवे लख्ख असले तरी संध्याकाळी ते वाळूत गडप होत. आणि मत्स्यालयात गर्दी होई ती नेमकी संध्याकाळी. लोक रिकाम्या टाकीसमोर उभे राहून कुरकुरत. शेवटी व्यवस्थापकांनी तिला बोलावून टाकीतली वाळू काढून टाकायला सांगितलं. ती घरी येऊन ताट पुढे घेईपर्यंत धुमसत होती.

"त्यांना माहीत नाही का, ते मासे वाळूत झोपतात?" मी विचारलं.

"चांगलं माहीत आहे. म्हणाले, 'बाई, तिकीट काढणाऱ्याला मी झोपलेला मासा कसा दाखवू?' मी म्हटलं, 'साहेब, पाहुणे आले म्हणून तुमच्या अंगाखालचं अंथरूण कोणी ओढतं का?'"

"आणि मग?"

"मग काय! हसले. आणि म्हणाले, उद्या वाळू काढा."

दीर घाबरले. "अगं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"वैर माशाशी नाहीच आहे माझं," ती म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

तिने वाळू काढली नाही. मग तिच्या सुट्टीच्या दिवशी इतरांनी ती काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रॅस नेहमीप्रमाणे खाली गेले आणि तळाच्या उघड्या काचेवर तोंडं आपटू लागले. पुन्हा पुन्हा, तिथेच. एकाच्या ओठाची साल निघाली. लोक खूश होते. एक बाई मुलीला सांगत होती, "बघ, कसा नाचतोय!"

जाऊ मागच्या अंगणात गेली. काढलेली वाळू तिथे घमेल्यांत पडली होती. ती तिने समुद्राच्या पाण्यात खळखळून धुतली, शिडी लावली आणि भर गर्दीत वाटीवाटीने टाकीत सोडू लागली. पाणी गढूळ झालं. आता कोणालाच काही दिसेना. व्यवस्थापक धावत आले.

"खाली उतरा! नाहीतर ही टाकी तुमच्याकडून गेली म्हणून समजा!"

"टाकी घ्या. वाळू आत राहील."

"उद्या पुन्हा काढायला लावीन."

"मी पुन्हा टाकीन. तुमच्याकडे माणसं पुष्कळ आहेत, आणि माझ्याकडे हट्ट."

शेवटचं घमेलं रिकामं करूनच ती खाली उतरली. तोवर सगळे रॅस वाळूत गेले होते.

टाकी खरंच गेली. तिची बदली तिकीट खिडकीवर झाली. वाळूला मात्र पुन्हा कोणी हात लावला नाही. इतर कामगारांनी साहेबांना सरळ सांगितलं, "फौजदारबाई इथे असेपर्यंत आम्हाला सांगू नका." घरातलं नाव तिथे कसं पोहोचलं, देव जाणे.

माशांपासून लांब बसणं तिला जड गेलं. घरी कधी बोलली नाही, पण पुष्कळ दिवस बाह्या वर सारूनच कामाला जात असे. खिडकीतून ती संध्याकाळच्या प्रत्येकाला आधी बजावी, "रॅस झोपले आहेत. ते पाहायचे तर सकाळी या."

व्यवस्थापक चिडले. "बाई, गिऱ्हाईक परत पाठवता?"

"खोटं सांगून तिकीट फाडणारा माणूस हवा असेल, तर शोधा," ती म्हणाली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळली. "रॅस झोपले आहेत. बाकीचे पाहणार का?"