भिंतीतला आमचा वाटा

मी पुण्याला निघालो त्या दिवशी बाबांचे दोन्ही हात चुन्याने माखले होते. होस्टेलात जागा उशिरा मिळाल्यामुळे निघणं पावसाळा सरल्यावर झालं, आणि तेव्हा गावात चर्चची रंगरंगोटी चालू होती. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. आगेरा, म्हणजे भाताच्या पहिल्या लोंब्या वेदीपुढे ठेवायचा सण, जवळ आला की सगळं गाव देवळाला चुना काढायचं. चुना खाडीतल्या कालवांच्या शिंपल्या भाजून केलेला. भिंतीत प्रत्येक घराचा वाटा ठरलेला. आमचा घंटेखालचा उत्तरेकडचा कोपरा.

बाबांनी तसेच हात लावून माझी पेटी उचलली. पेटीवर पाच बोटं उमटली.

"शिकून ये बाला. पन दर आगेऱ्याला चुना लावाला येशील ना?"

आय म्हणाली, "पेटी पुसू नको रं."

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे हे लिहिताना मी चुकत असेन तर सांभाळून घ्या. प्लॉटवर राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, मला राग आला आहे आणि तो नीट मांडता येत नाही.

आधी नव्या शहरासाठी शेतं आणि मिठागरं गेली. मग मी पुण्याला असताना बंदरासाठी घरं मागितली. जासईपलीकडचं आमचं गाव उठलं आणि सरकारने दिलेल्या प्लॉटवर गेलं. देवळाचं काय होणार म्हणून आय रडत होती. तेवढ्यात कुठल्याशा खात्याचे साहेब आले. भिंतींवर हात फिरवला, फोटो काढले आणि म्हणाले, ही पोर्तुगीज काळची वास्तू आहे, हिला धक्का लागणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचं पत्र आलं तेव्हा मीही होस्टेलभर सांगत सुटलो, आमचं देऊळ वाचलं.

आमची घरंही जुनीच होती. त्यांच्या भिंतीवर कोणी हात फिरवला नाही.

सुट्टीत आलो तेव्हा देवळाभोवती तार होती, बोर्ड होता, गेटवर वॉचमन होता. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आता प्लॉटवरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये होते. आगेऱ्याच्या आधी बाबा बादली आणि कुंचा घेऊन निघाले. घर गेलं तरी वाटा आहे, असं त्यांचं म्हणणं.

वॉचमन विदर्भातला, बिचारा नोकरी करणारा. म्हणाला, "काका, परमिशन आहे काय?"

"तुज्या सायबाच्या आज्यानं चुना काढला व्हता का रं इथं?" बाबांनी विचारलं.

ते खात्याचे साहेब योगायोगाने आतच होते. बाबा मला म्हणाले, "तू शिकलास ना, सांग त्याला." मी अडखळत सांगितलं. साहेब शांतपणे बोलले, तेच जास्त लागलं. नव्या चुन्याखाली मूळ गिलावा झाकला जातो, म्हणाले. वास्तू मूळ रूपात जपायची असते.

बाबांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "मूल गिलावा कोनाचा, सायेब? आमच्याच मानसांनी लावलेला ना? आनि त्यो ऱ्हायला कसा? आमी दर साली वरनं चुना काढला म्हनून."

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

आम्ही परत आलो. बाबांनी तो चुना प्लॉटवरच्या घराच्या उत्तरेच्या कोपऱ्याला काढला, फक्त देवळातल्या वाट्याएवढाच. उरलेली भिंत सिमेंटचीच आहे. शेजारी हसतात. "पेद्रूशेट, पैसं संपलं का रंगाचं?" बाबा हसत नाहीत.

आता देवळाच्या पलीकडे कंटेनरचे ढीग लागले आहेत. घंटेखालचा कोपरा शेवाळाने काळा पडला आहे, आणि फटीतून पिंपळ वर आला आहे. तो उपटायलाही परवानगी लागते. याला जपणं म्हणतात. गाव उचलून टाकायचं आणि त्याच्या हाताने उभी राहिलेली भिंत फोटोसाठी ठेवायची.

होस्टेलात मला विचारतात, घर कुठे? मी प्लॉटचा पत्ता सांगतो, पण तो खरा वाटत नाही. माझं घर म्हणजे तारेपलीकडची ती हातभर काळी भिंत.

पेटी मी अजून पुसलेली नाही. या आगेऱ्याला बाबांसोबत मी बादली घेऊन जाणार आहे. परवानगी मागणार नाही. तुमचेही वाटे त्याच भिंतीत आहेत. कुंचे घेऊन या.