पालथं ताट

धामणगावच्या फलाटावर बाबांनी मला दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही सांगताना ते माझ्याकडे न बघता रुळांकडे बघत होते. कुणाचं फुकटचं खायचं नाही, पचत नाही. आणि जेवलेलं ताट आपलं आपण धुवून पालथं घालायचं, घर कुणाचंही असो. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, निघालेल्या पोरीला आणखी काय सांगणार. आई दशम्यांच्या गाठोड्याची गाठ पुन्हा पुन्हा चाचपत होती. गाडी हलली तेव्हा तिला शब्द फुटले, "जेवली का नाई ते कळवत जाजो." माझा धाकटा भाऊ मिलिंद खिडकीबरोबर पळत होता आणि पुण्यातला कॉम्प्युटर नेमका केवढा असतो ते बघून लिही, असं ओरडत होता.

बाबांच्या त्या दोन गोष्टी काही सुविचार नव्हते. त्यांचे आजोबा गावकीची कामं करायचे आणि संध्याकाळी दारोदार भाकर मागून आणायचे. मजुरीच होती ती, पण हातावर वरून पडायची. छप्पन साली घराने दीक्षा घेतली आणि मागून आणलेली भाकर घरात यायची बंद झाली. नवस आणि गंडेदोरेही गेले. ताटाचंही तसंच. आमचं उष्टं ताट कुणी शिवायचं नाही, म्हणून आमच्या माणसांना ते स्वतःच धुवावं लागे. बाबांनी तीच गोष्ट उलटी करून आम्हाला अभिमानाने शिकवली. आपलं उष्टं दुसऱ्याला काढायला लावू नये, म्हणायचे.

पुण्यात मी आले ती दोन हजार सालाच्या भीतीवर स्वार होऊन. साल बदललं की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार अशी आवई होती आणि त्या गोंधळाने माझ्यासारख्या, गाडी पकडायलाही धामणगावला जावं लागणाऱ्या दारव्ह्याच्या मुलीला हडपसरमध्ये नोकरी दिली. बिबवेवाडीत दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीणबाईंनी आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग म्हणाल्या, "पाहुण्यांची आपल्याला फार सवय असेल, तर ती दारव्ह्यालाच ठेवून या." मी हसले. पुण्यात टोमण्यावर हसलं की भाडेकरू पास होतो, एवढं तोवर कळलं होतं.

मिलिंद पदवी घेऊन आला आणि त्या खोल्यांना घरपण आलं. तो आईसारखी झणझणीत वांग्याची भाजी करायचा. क्लास केला, हडपसरच्याच एका छोट्या कंपनीत लागला. पहिल्या पगारात आईला मिक्सर पाठवला. तिने तो दोन वर्षं टॉवेलखाली झाकून ठेवला होता. आम्ही दोघं सकाळी एकाच बसने जायचो, दोघांच्या हातात सारखे डबे. आपण सुटलो, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

मग अमेरिकेत कुठेतरी मंदी आली आणि हडपसरमधल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. माझी राहिली, मिलिंदची गेली. त्याने सांगितलं नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर बसमध्ये चढायचा, गेटपाशी हात हलवायचा, आणि मी आत गेले की उलट्या बसने मंडईत जाऊन बसायचा. हे मला फार नंतर एका फळवाल्याने सांगितलं. संध्याकाळी घरी येऊन तो मला ऑफिसातल्या गमती सांगायचा. सगळ्या रचलेल्या, आणि चांगल्या रचलेल्या. त्या आठवल्या की मला आधी त्याचा राग येतो, रडू नंतर येतं.

एका संध्याकाळी मी घरी आले तर त्याचा डबा धुवून ओट्यावर पालथा घातलेला होता आणि तो नव्हता. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पोलिसांनी फोटो घेतला आणि मोठा मुलगा आहे, येईल, म्हणाले. दारव्ह्याला शेजाऱ्यांकडे फोन करून आईला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "जेवून गेला का?"

वर्षाहून जास्त काळ गेला, मग उन्हाळ्यात आमच्या गावचा एक ट्रकवाला बातमी घेऊन आला. मुंबईत माहीमच्या दर्ग्याबाहेर हॉटेलांसमोर जेवणाची वाट पाहत गरिबांची रांग बसते, त्या रांगेत त्याने आदल्या उन्हाळ्यात मिलिंदला पाहिलं होतं, वर्षभरापूर्वीच. दाढी वाढलेली, पण तोच. हाक मारली तर उठून गेला. हे सांगायची हिंमत व्हायला त्याला एक वर्ष लागलं होतं. बाबा ऐकून म्हणाले, असेल दुसरा कोणी, आपला पोरगा तसा बसायचा नाही. आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून पुण्याला आले.

आम्ही मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी आईने शेजाऱ्यांकडून फोन केला. "तिथं एक धागा बांधजो. तुह्या बाबाले नको सांगू." नवस न करता दोन पोरं वाढवलेली माझी आई.

दादरची एशियाड नव्या एक्स्प्रेसवेवरून अशी सुळकन गेली की बाबा घाटातही खिडकीबाहेर बघायला विसरले. दर्ग्यात शिरताना त्यांनी चपला काढल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि मला हळूच म्हणाले, "म्या मागाले नाई आलो. पाहाले आलो." आत गुलाबाचा आणि उदाचा वास, पांढरा घुमट, कितीएक शतकं लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालेले उंबरे. मागच्या अंगाने समुद्राचं खारट वारं येत होतं. एक म्हातारे सेवेकरी येणाऱ्याच्या डोक्यावर मोरपिसांचा कुंचा टेकवत होते. बाबांनी डोकं खाली केलं नाही. त्या म्हाताऱ्यांनीही रागावून न बघता कुंचा त्यांच्या खांद्याला टेकवला. मी बायकांच्या जाळीपाशी गेले. जाळी धाग्यांनी इतकी भरली होती की नव्याला जागा शोधावी लागत होती. शेजारची एक बाई कपाळ टेकून नुसती "दे ना, दे ना" म्हणत होती. मला तेवढंही येईना. मागायचं कसं ते आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. मी धागा बांधला आणि इतकी घट्ट गाठ मारली की बोट कापलं.

बाहेर हॉटेलांपुढे रांग होती. गुडघे छातीशी घेऊन माणसं एकामागे एक उकिडवी बसलेली. कुणी गाडीवाला थांबतो, गल्ल्यावर वीस माणसांचे पैसे देतो, हॉटेलवाला वीस डोकी मोजून आत घेतो, रांग पुढे सरकते. बाबा फोटो घेऊन रांगेच्या कडेने निघाले, जन्मभर एसटीत चालले तसे एक हात हवेत दांडीला धरल्यासारखा ठेवून. एकही चेहरा वर होईना. बाबांनी फोटो पुढे केला की माणसं जमिनीकडे बघत. शेवटी एकजण म्हणाला, "खडे खडे कोई नहीं बतायेगा, चाचा. यहाँ सबको कोई ना कोई ढूँढ रहा है. बैठो."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, बाबा, नको, मी बसते. त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली, धोतर सावरलं आणि रांगेत बसले.

मी समोरच्या फुलवाल्याच्या फळीआड उभी राहिले. पांढरी गाडी आली, पैसे दिले गेले, हॉटेलवाल्याने टाळी वाजवली. मोजणीत बाबाही आले. मला वाटलं, आता उठून बाजूला होतील. पण पुढचेमागचे बोलायला लागले होते, फोटो हातोहात फिरत होता, आणि तो परत मिळवायचा तर आत जाणं भाग होतं. मी दारातून बघितलं. बाकावर त्यांच्यापुढे थाळी आली, डाळ आणि दोन रोट्या. बाबांनी हात जोडले. कुणाला, ते मला अजून कळलेलं नाही. आणि मग ते जेवले. मान खाली घालून, एक कण न टाकता, सगळं. त्या रोट्या मला दिसत होत्या तशा कुणाला दिसत नव्हत्या. तीन पिढ्यांनी दारातून परत पाठवलेली भाकर होती ती.

जेवून झाल्यावर बाबा थाळी घेऊन उठले. वाढपी ओरडला, "रहने दो, बाबा." त्यांनी ऐकलं नाही. मोरीपाशी जाऊन थाळी धुतली, झटकली आणि कट्ट्यावर पालथी घातली.

वाढपी बघत राहिला. मग जवळ आला. "एक लडका ऐसाइच करता था. रोज. मैं बोलता था, अरे तू मालिक है क्या. सुनता नहीं था." बाबांनी फोटो दाखवला. त्याने तो उजेडात धरला. "हाँ. यही है."

बाबांनी ओला हात धोतराला पुसून फोटो परत घेतला. मीच आत जाऊन विचारलं, आता कुठे आहे.

"पिछले साल बारिश से पहले चला गया. अच्छा हो गया था, दाढी भी निकाली. बोला, घर जाता हूँ."

तो आनंदाने सांगत होता. त्याला वाटलं, आम्ही हसू.

मिलिंदला तिथून निघून वर्ष होत आलं होतं. बिबवेवाडीत तो आला नव्हता. दारव्ह्यात आला नव्हता. परतीच्या बसमध्ये पनवेलपर्यंत बाबांनी फोटो हातातच धरला होता. मग म्हणाले, "डाळ चांगली होती. उपाशी नव्हता थो." पुण्यात पोचल्यावर आईला फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, पोरगा जेवत होता, आणि घरी येतो म्हणून निघाला आहे.

त्या एका वाक्याने आम्हाला खिळवून टाकलं. आई नंतर एका रात्रीसाठीही दारव्ह्याचं घर सोडून राहिली नाही, माझ्याकडेसुद्धा आली नाही. आला आणि कुलूप दिसलं तर, म्हणायची. दार लोटून ठेवायची, कडी लावायची नाही. ती गेली त्या दुपारीही दार उघडंच होतं. आता बाबा तिथे एकटे बसतात. मी बोलावते, ते येत नाहीत. मला तीनदा ऑनसाइटला, म्हणजे परदेशी कामावर, जायची संधी आली. बरोबरचे सगळे गेले, कुणाची मुलं आता मराठी समजून घेतात पण बोलत नाहीत. मी त्याच दोन खोल्यांत आहे. बिल्डिंग पाडून नवी बांधायची म्हणतात, मी एकटीच सही करत नाही. घरमालकीणबाई म्हणतात, "पाहुण्यांची सवय नव्हती म्हणून तुम्हाला ठेवलं, आता तुम्हीच हलत नाही."

गावी राहिलेले विचारतात, परत कधी येणार. बाहेर गेलेले विचारतात, अजून पुण्यातच? दोघांनाही मी काय सांगू. घर सोडून मी निघाले होते ती गाडी कुठेतरी पोचेल असं वाटलं होतं. आता मी आणि बाबा, साडेपाचशे किलोमीटर लांब, एकेका दारात बसलो आहोत, आणि त्यालाच घर म्हणतो.

मिलिंद, तू त्या माणसाला घर म्हणालास ते कोणतं, एवढं तरी कळव. या दोन्ही ठिकाणी कुणीतरी आहे. तिसरं काही असेल तर सांग, मी तिथे येऊन बसते.