सामानापाशी

मुलीच्या आग्रहामुळे यंदा बदामीला जाताना पैसे देऊन सोबतीला माणूस घेतला. जाधव नाव, पन्नाशीतले, बोलायला मऊ. लेण्यांच्या पायथ्याशी त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "काका, तुम्ही सावकाश बघून या. मी सामानापाशी बसतो."

माझा पाय पहिल्याच पायरीवर अडला. हे वाक्य सुमनचं, माझ्या बायकोचं. प्रत्येक सहलीत ती हेच म्हणायची आणि मी खुशाल तरातरा वर जायचो. खाली आलो की तिला सगळं वर्णन करून सांगायचो, शिवाय "तू यायला हवं होतंस" असंही म्हणायचो. घरी आल्यावर ती ते शेजारणींना सांगायची, अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं. मला तिचं कौतुक वाटायचं. लाज कधी वाटली नाही.

ती गेली, आणि आज मी त्या पहिल्याच पायरीवरून मागे फिरलो. जाधवांना म्हटलं, "तुम्ही या बघून. मी बसतो इथे."

ते हसले. "माझं कितीदा तरी बघून झालंय, काका."

तरी मी सामानापाशी बसलो. तिथून लेणी दिसत नाहीत. दिसतात फक्त वर जाणाऱ्यांच्या पाठी.