एक जूनचा पुष्पगुच्छ

विषय : वाढदिवसानिमित्त द्यावयाची फुले, ती स्वीकारणाऱ्याच्या प्रकृतीस मानवतील अशी निवडण्याबाबत.

संदर्भ : श्रीमती तायडे, कनिष्ठ लिपिक, धारणी यांचा अकोला येथे बदली मिळण्याबाबतचा विनंती अर्ज.

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, विषयाचा आणि संदर्भाचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल. आमच्या ऑफिसात तो कुणाला कधी पडला नाही.

निवृत्त माणसाला ऑफिस एक शाल आणि एक नारळ देतं. नारळ त्याच आठवड्यात संपतो, शाल पाहुण्यांकडे जाते. उरतात ते किस्से. ते कुणी मुद्दाम जमवत नाही. कपाटावर फायली साचतात तसे साचतात. कुणी ठेवल्या ते माहीत नसतं, आणि खाली काढायला गेलं की धूळ आपल्याच नाकात जाते. तरी काढतो. दुपार जात नाही.

*

मी अमरावतीच्या एका विभागीय कार्यालयात आस्थापना शाखेचा कारकून होतो. सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात, म्हणजे सगळ्यांच्या जन्मतारखा माझ्या ताब्यात. त्यामुळे वाढदिवसाची फुलं आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी कुरकुर केली, तेव्हा आमचे हेडक्लार्क इंगोले, ज्यांना सगळे बडेबाबू म्हणत, ते म्हणाले, "धोटेबाबू, तुमी लायब्रीतून पुस्तकं नेता ना? मंग फुलातलं तुमालेच समजन!"

ऑफिसात वाचणारा मी एकटाच, म्हणून साहेबांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, निरोपाची भाषणं, शोकसभेचे ठराव आणि फुलं, हे सगळं साहित्य एकाच टेबलावर होतं.

*

आमच्या पिढीतले निम्मे वऱ्हाडी एक जूनला जन्मले आहेत. हा ग्रहांचा परिणाम नाही. शाळेत नाव घालताना बाप सांगायचा, "वेचणी चालू होती तवा झाला." आई म्हणायची, "नाई, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी." मास्तर दोघांचंही शांतपणे ऐकून घ्यायचा आणि एक जून लिहायचा.

त्यामुळे एक जूनला बडेबाबूंचा वाढदिवस, जीपचा ड्रायव्हर वानखडेचा वाढदिवस, धारणीच्या तायडेबाईंचा वाढदिवस, आणखी अर्ध्या ऑफिसचा वाढदिवस. त्यात अमरावतीचा जून. दुकानातून ऑफिसात येईपर्यंत फुलांची भाजी होते. एका वर्षी वानखडेच्या गळ्यात झेंडूचा हार घालायला गेलो, तर तो मागे सरकला.

"मले काहून घालता बाबू? मायनं जल्म देल्ला थो दिवस कोणालेच माहीत नाई. एक जून मास्तरानं देल्ला. हार त्याले घाला!"

*

आमची फुलं अंबादेवीच्या रस्त्यावरच्या रहीमभाईंकडून यायची. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "स्वीकारणाऱ्याच्या स्वभावाला साजेशी फुलं पाहिजेत."

रहीमभाईंनी मान वर न करता विचारलं, "शादी, मय्यत का बड्डे?"

"वाढदिवस."

"साहब का है, या आदमी का?"

या प्रश्नाइतकं नेमकं वर्गीकरण मी शासकीय पत्रव्यवहारात पाहिलं नाही. साहेबांचा आहे म्हटल्यावर त्यांनी गुलाबांवर डब्यातून चमकी मारली. साहेबांनी गुच्छ प्रेमाने नाकाला लावला आणि तसेच मुंबईबरोबरच्या व्हिडिओ बैठकीला बसले. मिशी, गाल, भुवया, सगळं लखलखत होतं. आढावा मध्येच थांबवून पलीकडून आवाज आला, "अमरावती, तुमच्याकडे आज वरात आहे का?"

*

त्या दिवशी केबिनबाहेर तायडेबाई अर्ज घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याविषयी सांगायला हवं.

नवरा गेला, आणि त्याच्या जागी बाईंना अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली. नेमणूक मिळाली धारणीला. मेळघाटातला रस्ता, एखादी बस, नाहीतर माणसं लटकलेली जीप. मुलगी समीक्षा तेव्हा चौथीत. तिला अकोल्याला बाईंच्या आईकडे ठेवलं. बाई शनिवारी संध्याकाळी अकोल्याला पोचणार आणि रविवारी दुपारी परत निघणार, तेही बस मिळाली तर. मेळघाटात ठरावीक काळ काढला की पसंतीचं ठिकाण मिळतं, असा नियम आहे. नियम आहे, हे सगळेच मान्य करतात.

बदल्या मे महिन्यात होतात, पण बाईंचा अर्ज वर्षभर फिरायचा. दर मासिक सभेला त्या अमरावतीला यायच्या, केबिनबाहेर उभ्या राहायच्या. त्या दिवशी वरातीच्या प्रश्नानंतर पाच मिनिटांनी साहेब गाल खसाखसा पुसत बाहेर आले आणि अर्ज भिंतीला टेकवून शेरा मारला : 'चर्चा करावी.'

कुणाशी, ते लिहिलं नव्हतं. चमकीचे चार कण मात्र सहीवर राहिले. साहेबांची बदली झाली.

*

नंतर मॅडम आल्या. आमच्याकडे पहिल्यांदाच बाई अधिकारी. त्यांचा वाढदिवस आला तेव्हा बडेबाबूंनी बंद दाराआड बैठक घेतली. हातात मोबाईल, त्यात रंगांचे अर्थ.

"लाल गुलाब नाई. लाल म्हंजे प्रेम. चौकशी लागन."

"पिवळा?"

"पिवळा म्हंजे दोस्ती. आपली अन् म्याडमची कायची दोस्ती?"

"गुलाबी?"

"थे लालच होय, उन्हात ठेवलेलं."

"मग पांढरा," मी म्हणालो.

"बाप्पा! पांढरा मयतीले."

मासिक सभेला आलेल्या तायडेबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "बडेबाबू, आमच्या घरी रोज बुद्धापुढं पांढरीच फुलं ठेवतेत. त्यायच्यानं कोणी मेलं नाई अजून."

"तुमचं ठीक आहे जी, पर म्याडमले काय वाटन?"

असं एकेक करत सगळे रंग बाद झाले. शेवटी बडेबाबूंनी स्वतः जाऊन गुच्छ आणला. त्यात फक्त पानं होती. हिरवीगार, निर्दोष, चौकशीच्या पलीकडची. मॅडमनी तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"फुलं मागून येणार आहेत का?"

बाईंच्या अर्जावर शेरा पडला : 'नियम तपासून फेरसादर करावे.' नियम मी तपासला. होता तिथेच होता. फेरसादर केला, तोवर मॅडमची बदली झाली.

*

समीक्षा दवाखान्यात जन्मली, त्यामुळे तिची जन्मतारीख खरी आहे. एका वर्षी नेमक्या त्या दिवशी धारणीच्या ऑफिसात तपासणी निघाली. मी साळीकडे अकोल्याला निघालो होतो. बाईंचा फोन आला.

"बाबू, पोट्टीसाठी फुलं न्यान काय?"

"नेतो की. कोणती आवडतात तिला?"

बाईंनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मला वाटलं, धारणीची रेंज गेली.

"पहिले अबोली आवडे," बाई म्हणाल्या. "आता काय आवडते, मले काय माहीत बाबू? थे माह्या आईले विचारा लागन."

साहेबाला कोणतं फूल चालतं याचा आम्ही आठवडाभर काथ्याकूट करत असू. मी अबोली नेली. दार समीक्षानेच उघडलं. सातवीतली मुलगी, दोन वेण्या, कपाळावर आठी.

"आईनं पाठवली," मी म्हणालो.

"आई काहून नाई आली?"

"तिची तपासणी आहे."

तिने पुडा हातात घेतला नाही.

"मंग फुलं तपासणीले पाठवा ना काका, अन् आईले इकडं!"

आतून आजी ओरडली, "अवो, पाहुण्याले आत तं येऊ दे!" मी आत गेलो. चहा झाला. अबोली पाण्याच्या तांब्यात ठेवली गेली. आता कोणतं फूल आवडतं हे विचारायचं मात्र राहिलं. त्या तोंडाकडे बघून विचारवेना.

*

पुढचे साहेब पुण्याचे. आल्याआल्या त्यांनी परिपत्रक काढलं : पुष्पगुच्छ नको, रोप द्या. परिपत्रकाचं पालन आमच्याइतकं कुणी करत नाही. वाढदिवसाला प्रत्येक शाखेने एकेक तुळस दिली. तालुक्यांनी दिली, पातूरहून आली, ठेकेदारांनी कुंडीसकट दिली. साहेबांच्या बंगल्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. वैनीसाहेबांनी तिसऱ्या दिवशी सगळ्या तुळशी जीपमध्ये घालून ऑफिसात परत पाठवल्या.

आता भेटवस्तू कार्यालयात जमा झाली म्हणजे जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉकच्या रजिस्टरात, चढली पाहिजे. मी चढवली. मेमध्ये पाण्याचा टँकर आला नाही आणि तुळशी वाळल्या. वस्तू नोंदीत आहे, जागेवर नाही, मग ऑडिटने आक्षेप घेतला. मी मृत तुळशींच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या नोंदीतून उडवण्याचा, प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवला. उलट टपाली विचारणा आली : 'दुरुस्ती शक्य नसल्याबाबत तांत्रिक अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.'

अर्जावरचा शेरा : 'पावसाळ्यानंतर पाहू.' पावसाळ्यानंतर पाहायला साहेब नव्हते.

*

आताचे साहेब आले तेव्हा मी निवृत्तीला टेकलो होतो. भला माणूस. कुणावर ओरडणं नाही, की डबे मागवणं नाही. रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून मेळघाटात जाणार आणि सोमवारी आम्हाला पाखरांचे फोटो दाखवणार. आम्ही "वा साहेब" म्हणायचो. बडेबाबू तर फोटो समोर यायच्या आधीच म्हणायचे.

त्यांचा वाढदिवस श्रावणात. या वेळी तायडेबाईंनी आम्हाला विचारलंच नाही. आमचं आजवरचं काम बघता ते योग्यच होतं. सभेला येताना त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून कळलावीची वेल आणली. लाल-पिवळी, ज्वाळांसारखी वर वळलेली फुलं. धारणीच्या पुढे एका शाळेच्या कुंपणावर फुलली होती. घाटातल्या बसमध्ये बाईंनी ती मांडीवर धरून आणली, एक पाकळी चुरगळू दिली नाही.

बडेबाबू हळूच म्हणाले, "ताई, कळलावी घरात ठेवली तं भांडणं लागतेत म्हंते."

"घरात कोण ठेवून राह्यलं? ऑफिसात ठेवतो."

साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी फुलाचं शास्त्रीय नाव सांगितलं, सगळ्या बाजूंनी फोटो काढले, खिडकीचा पडदा सरकवून पुन्हा काढले. इतक्या वर्षांत घेणाऱ्याला शोभेलसं फूल पहिल्यांदाच दिलं गेलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आज अर्ज सुटणार!

बाईंनी अर्ज पुढे केला. साहेब भारावून म्हणाले, "तायडेबाई, जंगलाकडे असं बघणारं माणूस आपल्या खात्यात दुसरं नाही. तुम्हाला तिथून हलवणं म्हणजे जंगलावर अन्याय आहे!"

शेरा : 'धारणी येथील उपयुक्तता पाहता तूर्त टेबलावर ठेवावा.'

जिन्यावरून उतरताना बाई मला म्हणाल्या, "बाबू, गुलाबच आणाले पायजे होते."

*

शेवटचा किस्सा मी पाहिलेला नाही. वानखडेने चहाच्या टपरीवर सांगितला. आता मी पेन्शनीत, आणि तो अजून जीपवर.

यंदाच्या मेमध्ये बाईंनी पुन्हा अर्ज दिला होता. समीक्षा बारावीला गेली. आजीला आता दिसत नाही. म्हणजे पोरगी आजीला सांभाळते, अशी उलटी व्यवस्था अकोल्यात झाली आहे. महिनाअखेर बदल्यांची मुदत संपली, आणि दुसऱ्या दिवशी, एक जूनला, विभागीय कार्यालयाची जीप धारणीच्या ऑफिससमोर थांबली.

सगळा स्टाफ बाहेर आला. तिथे रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे महत्त्वाचा कागद जीपनेच येतो, हे सर्वांना ठाऊक. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सही झाली असणार, आज हाती आली! शिपायाने बाईंची पिशवी आधीच बाहेर आणून ठेवली. कुणीतरी म्हणालं, "तायडेताई, पेढे!" बाई पदर सावरत पायऱ्या उतरल्या.

वानखडेने पुढच्या सीटवरून चमकी मारलेला गुलाबांचा गुच्छ काढून त्यांच्या हातात दिला. साहेबांनी सेवापुस्तकात बघून खास पाठवला होता. आजवर फुलं खालून वर जात, या साहेबांनी ती पहिल्यांदा वरून खाली पाठवली. सोबत कार्ड होतं : 'मेळघाटच्या कुशीत आपण अशाच बहरत राहा.'

बाईंनी कार्ड वाचलं. गुच्छात हात घालून आणखी काही कागद आहे का ते पाहिलं. नव्हता.

"वानखडेभाऊ, गाडी वापस रिकामीच चालली काय?"

"रिकामीच जी."

"जागा आहे मंग."

"जागा आहे ताई. ऑर्डर नाई."

बाईंनी जीपचं दार उघडलं, गुच्छ पुढच्या सीटवर नीट बसवला, त्याच्याभोवती पट्टा ओढून लावला.

"मंग याले घेऊन जा," त्या म्हणाल्या. "याची बदली झाली."

वानखडेने गुच्छ तसाच पट्ट्यासकट अमरावतीला आणला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी विचारलं, कुठून आला? तो म्हणाला, धारणीहून. साहेबांनी गुच्छ नाकाला लावला. म्हणाले, "बघा, बाईंना किती आठवण असते!"

त्याच टेबलावर बाईंचा अर्ज आहे. निर्णय प्रलंबित. माहितीस्तव सविनय सादर.