इंजिनाला पाणी

रोज एकाच गाडीनं जाणारे चार पासवाले एकत्र आले की किस्से साठतातच. आमच्याकडे ते जरा जास्त साठले, कारण गाडी येईपर्यंत आणि आल्यावर ती हलेपर्यंत आम्हाला दुसरा धंदाच नव्हता! लोक हे किस्से ऐकून हसतात. मीही हसत हसत सांगतो. पण सांगून झाल्यावर तोंड कडू होतं, ते का, हे शेवटी कळेल.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी नाचणगावचा. सकाळी पायी पुलगाव स्टेशन गाठायचं आणि तिथून छोट्या लायनीच्या गाडीनं तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करायला जायचं. बरोबर त्याच कचेरीतले पेन्शनला टेकलेले टेंभरेबाबू, पुलगावचा गावंडे आणि मेश्राम. मेश्राम आमच्याच गावच्या महारपुऱ्यातला. त्याच्या घरात मॅट्रिक झालेला पहिलाच. गाडीत आम्ही चौघं एका बाकावर बसायचो, एका पुडीतले फुटाणे खायचो. डबे मात्र आपापले. एवढ्यावरही आम्ही स्वतःला फार सुधारलेले समजत होतो.

मेश्राम दोन वर्षं टेम्पररी होता. साहेबांनी त्याला बजावलं होतं, "मस्टरवर उशिराच्या तीन लाल खुणा झाल्या की कायम होणं विसरा." गाडीच्या कृपेनं दोन झाल्या होत्या!

*

गाडीचे डबे आमच्या आजोबांच्या वयाचे. एकदा गावंडेनं उतरण्यासाठी दार ओढलं, तर अख्खं दार बिजागरीसकट त्याच्या हातात आलं! टाकावं तर सरकारी माल, म्हणून गडी ते दार डोक्यावर घेऊन स्टेशनमास्तरकडे जमा करायला गेला.

मास्तरांनी चष्मा वर केला. "लगेज बुक केलं का याचं?"

गावंडे महिनाभर त्या मास्तराशी बोलला नाही.

*

ड्रायव्हर होते सत्तारमियाँ. पोरवयात कोळसा टाकायला लागले तेव्हापासून त्याच इंजिनावर. चढ आला की इंजिन धापा टाकायचं, थांबायचं, आणि मियाँ खाली उतरून त्याच्या पोटावर हात फिरवायचे.

एकदा मी वैतागून ओरडलो, "मियाँ, जरा दामटा न तिला!"

"बुढ़िया है, बाबूजी. दौड़ाऊँगा तो मर जाएगी. फिर रोज सबेरे गाली किसको दोगे?"

*

एक किस्सा हसण्यासारखा नाही. तरी सांगतो.

एक बाई पुलगावला गाडीत बसली. भाऊ अत्यवस्थ असल्याचा निरोप होता. अर्ध्या वाटेत इंजिनाची कुठलीशी नळी फुटली आणि आम्ही उन्हात चार तास उभे राहिलो. बाई पदराला गाठ मारायची, सोडायची. गाडी पोहोचली तेव्हा फलाटावर घरची माणसं उभी होती, आंघोळ करून, ओल्या डोक्यानं. भावाला नेऊन, सगळं आटोपून ती माणसं बहिणीला घ्यायला आली होती.

सत्तारमियाँ हात जोडून खाली उतरले. बाई त्यांना म्हणाली, "तुले काय बोलू बापा? तू बी तं आमच्यासंगच अडकला होता."

त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच डबा उघडला नाही.

*

त्यानंतर आम्ही रेल्वेकडे अर्ज केला. इंग्रजी मेश्रामचं चांगलं, म्हणून लिहिला त्यानं. इंजिन म्हातारं झालं आहे, त्याला निवृत्त करून नवं द्यावं, वगैरे. खाली साठ-सत्तर सह्या आणि अंगठे.

अकरा महिन्यांनी उत्तर आलं. आम्ही डब्यात गोल करून उभे राहिलो. मेश्रामनं मोठ्यानं वाचलं, "सदर इंजिनाच्या सेवेची मुदत अद्याप संपलेली नाही."

मग कागदाची घडी घालत म्हणाला, "पाहा! इंजिन बी कायम हाय. टेम्पररी मी एकटाच!"

डबा हसून हसून लोळला. मेश्रामही हसला, पण जरा उशिरा.

*

दुसऱ्या लाल खुणेच्या वेळी साहेब त्याच्यावर कडाडले होते, "गाडी लेट असते हे ठाऊक आहे ना? मग आदल्या दिवशी या!"

मेश्राम सरळ माणूस. पुढच्या सोमवारी हजर राहायचं म्हणून तो खरंच रविवारीच आला, शिदोरी सोडून जेवला आणि कचेरीच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपला. सकाळी ठोक्याला मस्टरवर सही! आम्ही तिघं दुपारी पोहोचलो तर त्याच्या हातात मेमो. कचेरीच्या आवारात विनापरवानगी मुक्काम केल्याबद्दल.

मी म्हटलं, "आता काय करशील?"

"काय करू भोयरभाऊ? लवकर आलो तं मेमो, लेट झालो तं लाल खूण. आता बराबर टाइमावर येनं तेवढं शिकाचं राह्यलं."

ते शिकवणारी गाडी आमच्या लायनीवर नव्हती.

आमचा एकच आधार होता. गाडी लेट झाली की उतरल्यावर स्टेशनमास्तर चिठ्ठी द्यायचे. पूर्वी साहेब ती मानत नसत. मेश्रामच्या दुसऱ्या खुणेनंतर आम्ही सगळ्यांनी मिळून रदबदली केली, तेव्हा कुठं मानायला लागले. चिठ्ठीत नाव असलं की खूण माफ.

*

आता शेवटचा. हा मी आजवर फार कुणाला सांगितला नाही.

वैशाखातला दिवस. मेश्रामच्या कायम होण्याचा कागद त्या दुपारी वर जायचा होता. आमचं उतरायचं स्टेशन तीन-चार मैलांवर राहिलं आणि गाडी थांबली. मधल्या स्टेशनचा पंप बिघडलेला, टाकी कोरडी, इंजिनात पाण्याचा थेंब नाही! सत्तारमियाँ म्हणाले, पानी भरा तो चलेगी, नहीं तो शाम तक यहीं.

रुळापासून पन्नास पावलांवर एका शेतकऱ्याची विहीर होती. गार्डाच्या डब्यातल्या आग विझवायच्या लाल बादल्या निघाल्या, माणसांची रांग लागली. सगळ्यांच्या आधी धावला मेश्राम. कोट काढून त्यानं बाभळीला अडकवला आणि दोराला हात घातला. पहिली बादली त्यानंच वर ओढली.

विहिरीचा मालक कडुनिंबाखाली बसला होता. उठून जवळ आला. "कोन गावचे तुमी?"

"नाचनगावचा. मेश्राम."

मालकानं त्याच्या हातातल्या दोराकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी दोर सोडा. बाकीचे भरतीन."

सत्तारमियाँ इंजिनावरून ओरडले, "अरे भाई, पानी इंजिन पिएगा, तुम थोड़ी पिओगे!"

"इंजिन पिईन, पन विहीर तं माही हाय न!"

रांगेत तीस-चाळीस माणसं होती. टेंभरेबाबू आभाळाकडे पाहत होते. मेश्रामनं दोर सोडला नव्हता. बादली काठावर होती, भरलेली, आणि तो आमच्याकडे पाहत होता. मालकाकडे नाही, आमच्याकडे.

मी पुढं झालो. खोटं कशाला सांगू, मीच झालो. म्हटलं, "मेश्राम, टाइम जाऊन राह्यला. तुयाच कामाचा खोळंबा हाय. दे इकडं." आणि बादली त्याच्या हातातून घेतली. मालकानं ती आधी मातीत ओतायला लावली, मग पुन्हा भरू दिली.

मेश्रामनं बाभळीवरचा कोट काढला, अंगात घातला, त्या उन्हात सगळी बटनं लावली आणि रुळारुळानं पायी चालू लागला.

दीड तास आम्ही पाणी ओतत होतो. पोहोचल्यावर स्टेशनमास्तर इतके खूश झाले की चिठ्ठीत त्यांनी झकास मजकूर लिहिला. गाडी पाण्यावाचून अडली असता प्रवाशांनी स्वतः विहिरीवरून पाणी भरून ती आणली, इत्यादी. खाली आमची तिघांची नावं. मेश्रामचं नाव घालायला ते तयार होईनात. "गाडीतून उतरला का तो? नाही ना? मग कसं घालू?"

आम्ही कचेरीत शिरलो तर मेश्राम साहेबांच्या टेबलासमोर उभा. आमच्याआधी पोहोचला होता, पण ठोका चुकलाच होता. कोटाच्या पाठीवर घामाचं मीठ फुटलेलं. चिठ्ठी येते आहे, असं सांगून त्यानं साहेबांना थांबवून ठेवलं होतं. मस्टर उघडं होतं आणि लाल पेन्सिल साहेबांच्या हातात होती.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. "शाब्बास!" आम्हा तिघांना म्हणाले. पुन्हा वाचली. नावं बोटानं मोजली आणि मेश्रामकडे वळले.

"हे म्हातारे टेंभरेसुद्धा गाडीसाठी घाम गाळतात, आणि तुम्ही आपले मजेत पायी निघून आलात? बादलीला हात लावायची लाज वाटली का?"

मेश्रामनं मस्टरवरून नजर उचलली.

"भोयरभाऊले इचारा, साहेब. बाल्टी त्यायच्याच हातात होती."

गावंडे चपलेच्या अंगठ्याकडे पाहू लागला. टेंभरेबाबूंनी उगाच खोकून घेतलं. साहेबांनी पेन्सिल तशीच धरून माझ्याकडे मान वळवली.

"बोला भोयर. काय झालं होतं?"

मी म्हणालो, "साहेब, गाडी फार जुनी झाली आहे."