मशिदीच्या छपरावरची वेल

आमच्या घराच्या भिंती फळकुटाच्या होत्या. बाबा बल्लारशाहच्या एका आरामशीनवर कामाला होते. सागाचा ओंडका चिरताना सालीकडचा जो वाकडा तुकडा उरतो ते फळकूट. ते मालक कामगारांना नेऊ द्यायचा. स्वयंपाक व्हायचा आरामशीनच्या भुशावर. आई पत्र्याच्या शेगडीत मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठोकून भरायची, मग बाटली अलगद उपसून त्या पोकळीत जाळ धरायची. भुसा ओला निघाला तर नुसता धूर. मग आम्ही बहिणी मुरमुरे खाऊन, डोळे चोळत शाळेत.

त्या घरात एकच देखणी वस्तू होती. आजोबांचा सागवानी देव्हारा. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा आतले देव नदीत सोडले. पण देव्हारा फोडला नाही. चौकटीवर मधोमध एक गणपती कोरलेला होता. तो त्यांनी पटाशीनं तासून काढला आणि त्याच जागी पिंपळाचं पान कोरलं. आत बुद्धाची मूर्ती बसवली. मी त्याच्यासमोर बसून अभ्यास केला, स्कॉलरशिप मिळवली, नागपूरला आर्किटेक्चर केलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही, कुणालाही, न विचारता सांगते.

२००४ साली मास्टर्ससाठी अमेरिकेत ॲन आर्बरला आले. शेवटच्या वर्षी थीसिस. विषय शोधत लायब्ररीत बसले होते. एका जाड पुस्तकात काळापांढरा फोटो दिसला. एकावर एक तीन उतरती छपरं, कोपऱ्यांना वर वळलेली टोकं, शेजारी पॅगोड्यासारखा मनोरा. मला वाटलं, हा तर आपला विहार! मनातल्या मनात हातसुद्धा जोडले. मग खालची ओळ वाचली. मलाक्कामधली मशीद.

मशीद! ना घुमट, ना उंच टोकदार मिनार. मी पान उलटायचं विसरले. चौरस पाया, आत चार मोठे खांब, दोन छपरांच्या मधल्या फटीतून खाली उतरणारा उजेड आणि वारा. कुठल्या तरी काळी चीनहून आलेल्या कारागिरांचा हात तिथं फिरला होता, आणि तो कुणी लपवलाही नव्हता. विषय ठरला.

रूममेट पुण्याची, कॉम्प्युटरवाली. ती म्हणाली, "अगं यार, बुद्धिस्ट तू, डिग्री अमेरिकेची आणि थीसिस मलेशियाच्या मशिदीवर? घरी काय सांगणार?"

घरी सांगितलंच. फोनवर बाबा म्हणाले, "छप्पर लाकडाचं हाये ना?"

"हो, बाबा."

"मंग करून पाय. लाकडाचं तुले समजते."

फायनल रिव्ह्यूत चार परीक्षक समोर बसतात. त्यांना पटलं नाही तर थीसिस पुन्हा, म्हणजे आणखी एक सेमिस्टर. माझी स्कॉलरशिप मे महिन्यात संपत होती. नापास झाले असते तर डिग्रीशिवाय बल्लारशाहला परत, एवढाच हिशोब होता.

म्हणून मॉडेलवर जीव ओतला. पातळ लाकडी पट्ट्यांतून तिन्ही छपरं उभी केली, सगळे सांधे खाचा पाडून बसवले, खिळा एक नाही. छपराच्या कडांची टोकं फोटोत धूसर होती. पण चिनी छपरावर काय असतं ते मला ठाऊक होतं. मी प्रत्येक टोकाला इवलासा ड्रॅगन कोरला. आ वासलेला, जीभ बाहेर. काय सुंदर जमले होते!

स्टुडिओत माझ्या वर्गात मलेशियाची एक मुलगी होती. डोक्याला स्कार्फ, हातात कायम कॉफी, बोलायला तिखट. तिच्या आजोळी अशीच जुनी मशीद होती. एका दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली, वाकून बघत राहिली. म्हणाली, "सांधे भारी आहेत. फक्त एक सांग, या प्राण्याला नमाजाला कितव्या रांगेत उभं करणार आहेस?"

मला कळेना.

"अगं बाई, मशिदीवर प्राणी नसतो! माणूस नाही, पक्षी नाही, ड्रॅगन तर नाहीच. सगळे आमच्या मशिदीला चिनी देऊळ म्हणतात. तू तर करूनच टाकलंस."

"मग त्या टोकांवर काय असतं?"

तिनं माझी पेन्सिल घेतली आणि कागदावर रेघ ओढली. छपराच्या कडेवरून चढत गेलेली, टोकाशी गुंडाळलेली, पानांची वेल. "आजोळी मी लहानपणापासून हीच बघत आलेय. वळण ड्रॅगनच्या शेपटीचंच. ते चिनी कारागिराचं. पण त्याला पानं फुटलीत. ती आमची. आणि छपरावर छप्पर हेही सगळं चिनीच म्हणून लिहू नकोस. आमच्या बेटांवर ते जुनं आहे. पंडितांचं अजून भांडण चालू आहे."

मी त्या रेघेकडे बघत बसले. आणि डोळ्यांपुढं आजोबांचा देव्हारा आला. तासून काढलेला गणपती, त्याच जागी पिंपळाचं पान. मी मोठ्यानं हसले. तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे एवढं घरात असून तू ड्रॅगन कोरलेस?" आणि तीही हसायला लागली.

सगळे ड्रॅगन मी पटाशीनं तासले. लाकूड तेवढंच होतं. त्यातच वेली काढल्या. नीट पाहिलं तर पानांच्या खाली ड्रॅगनची पाठ अजून कळत होती. मला ते आवडलं. तसंच ठेवलं.

रिव्ह्यूच्या दिवशी एका परीक्षकानं चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्ही सगळं दाखवलंत, पण ही इमारत कुणाची? चिनी की मलय?"

ड्रॉइंगच्या सगळ्या शीट्स बाजूला ठेवून मी सरळ सांगितलं. "मशीद मलय माणसांची. हात चिनी. बाहेरचा कारागीर बोलवायला त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि काय घ्यायचं, काय तासून टाकायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं. उसनं घेतलेलं त्यांनी आपलं केलं. माझ्या घरात असा एक देव्हारा आहे." आणि देव्हाऱ्याची गोष्ट सांगितली.

तो परीक्षक उठला, मॉडेलपाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि छपराच्या टोकाकडे खालून बघत राहिला. मशीद जशी अंगणात उभं राहून बघतात तसा. "ही पानांखालची पाठ," तो म्हणाला, "मुद्दाम ठेवलीत?"

"हो."

"बरं केलंत."

संध्याकाळी फोन केला. बाबांनी विचारलं, "समजलं का त्याईले लाकडाचं?"

"समजलं, बाबा."

मागून आईचा आवाज आला, "तिले जेवली का ते विचारा आंदी!"

२००६ च्या मे महिन्यात मला आर्किटेक्चरची मास्टर्स डिग्री मिळाली.