एक गाणं माझं, एक त्याचं

मागच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी आखातातल्या आमच्या साइटवरून, रुवैसहून, गाडीने घरी निघालो होतो. शेजारच्या सीटवर नेहमीप्रमाणे सॅम्युअल... आमच्या साइटवरचा सेफ्टी ऑफिसर, घानाचा. शहरात शिरल्यावर त्याला अल कुसैसला सोडायचं आणि पुढे मी अल नहदाला घर गाठायचं, हे तीन वर्षं चाललेलं.

साडेतीन तासांचा रस्ता आणि दोन्हीकडे वाळू. म्हणून पहिल्याच महिन्यात नियम ठरला, एक गाणं माझं, एक त्याचं. कुणी आपला नंबर सोडायचा नाही. यावरून आम्ही लहान पोरांसारखे भांडलोय.

त्याच्यामुळे मला जवळजवळ अख्खी आफ्रिका ऐकायला मिळाली. त्यांच्याकडच्या हायलाइफ नावाच्या नाचाच्या संगीतातली ट्रम्पेट ऐकून मी म्हटलं, अरे, हा तर आमचा लग्नातला बँड. तर म्हणे, असणारच, दोघांना वाजवायला शिकवणारा गोरा साहेब एकच ना...

काँगोचा रुम्बा लावून त्याने सांगितलं, हा ताल गुलामांबरोबर बोटीतून क्युबाला गेला आणि खूप वर्षांनी रेकॉर्डवर बसून घरी परत आला. इथिओपियाचं एक गाणं तर चक्क भूप रागातलं होतं. मी स्टिअरिंगवर ठेका धरून सा रे ग प ध म्हणून दाखवलं, तेव्हा तो पोट धरून हसला होता.

तर तो शुक्रवार. आदल्या दिवशी मी एक मेल पाठवला होता. प्रोजेक्ट संपत आलंय, तुझ्या टीममधली तीन नावं कमी करायला दे, असं वरून आलं होतं.

तिसरं नाव मी सॅम्युअलचं दिलं. कामात तो कुणापेक्षाही कमी नव्हता. पण बाकीचे येऊन भांडले असते, रडले असते... हा काही बोलणार नाही, हे मला माहीत होतं. लिहिताना लाज वाटतेय, पण खरं कारण हेच.

पत्रं सोमवारी मिळणार होती, तोवर कुणाशी बोलायचं नाही अशी ताकीद. पण लिस्ट निघणार अशी कुजबुज साइटवर होतीच. तो त्याच्या मुलीबद्दल सांगत होता, तिचं नर्सिंगचं दुसरं वर्ष आहे. मी आपला मान डोलवत होतो.

त्याचं गाणं संपलं, माझा नंबर आला. म्हटलं, राहू दे, तूच लाव अजून एक. मग अजून एक... चौथ्यांदा मी तेच म्हटलं, तेव्हा त्याने फोन मांडीवर पालथा ठेवला.

म्हणाला, "तीन वर्षांत आजपर्यंत तू मला तुझा नंबर एकदाही दिला नाहीस. लिस्टमध्ये माझं नाव आहे ना?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी हात लांबवून एसी वाढवला.

त्याने फोन पुन्हा सुलटा केला. मग म्हणाला, "यल्ला, चल, तुझं गाणं लाव. नियम म्हणजे नियम." मी काय लावलं ते आता आठवतही नाही. अल कुसैसपर्यंत एक माझं, एक त्याचं असंच गेलो. उतरताना त्याने दर आठवड्यासारखंच, वहिनींना नमस्कार सांग म्हटलं.

आता तो घानाला, कुमासीला आपल्या घरी परत गेलाय. पोचल्याचा मेसेज आला होता, मी नुसता अंगठा पाठवला. तीन वर्षं ऐकलं, पण एकाही गाण्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. सगळी त्याच्या फोनमध्ये होती, आणि आता कुठल्या तोंडाने विचारू...

परवा मुलाला घेऊन निघालो होतो. माझं एक गाणं संपलं आणि गाडीत शांत झालं. तो म्हणाला, "बाबा, प्ले समथिंग ना."

म्हटलं, थांब जरा, आता माझा नंबर नाहीये.